नासका आंबा आणि पाच भाऊ

परवा दुपारी दिवाणाखालची आढी चाळत बसले होते. आढी म्हणजे काय, तर एक पुठ्ठ्याचा खोका, थोडा पेंढा आणि पाच डझन हापूस, पण आईच्या तोंडचा शब्द आहे, त्यामुळे खोका असला तरी म्हणायचं आढीच. एकेक आंबा उचलायचा, देठाशी नाक न्यायचं, अंगठ्याने हलकंच बघायचं (हलकंच! जोरात दाबला की तिथेच काळा पडतो), तयार असेल तो ताटात, नसेल तो परत पेंढ्यात, खालचे वर, वरचे खाली. कंटाळवाणं काम, म्हणून मोबाईलवर जुनी इंग्लिश गाणी लावलेली, ती आपापली एकामागून एक लागत होती आणि माझं अर्धंच लक्ष. तर खालच्या थरातला एक आंबा हाताला लिबलिबीत लागला, बोट सरळ आत गेलं, आणि नेमकं तेव्हाच फोनमधून एक पोरगा जीव तोडून सांगायला लागला की एका सडक्या सफरचंदाने सगळी रास खराब होत नाही गं!

मी तो आंबा हातात धरून फोनकडे बघतच राहिले. म्हटलं, बाळा, तू कधी आढी लावलीयस का?

गाणं 'वन बॅड अ‍ॅपल', ऑस्मंड्सचं. १९७१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत एक नंबरला गेलं आणि पाच आठवडे तिथून हललं नाही. बबलगम पॉप म्हणतात ना, तसलंच अगदी, गोड, चिकट, आणि एकदा डोक्यात गेलं की दुपारभर निघत नाही. अ‍ॅलन, वेन, मेरिल, जे आणि डॉनी, पाच सख्खे भाऊ, अमेरिकेतल्या युटामधल्या ऑग्डेनचे, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या घरातले. घरात एकूण ९ भावंडं, ८ मुलगे आणि शेवटून दुसरी एक मुलगी. थोरल्या दोघांना जन्मापासून नीट ऐकू येत नव्हतं, आणि धाकटे गायला लागले त्यामागे या दोघांच्या कानाच्या मशीनसाठी पैसे जमवणं हेही एक कारण होतं. हे मला कळलं आणि मग त्या चकचकीत एकसारख्या कपड्यांतल्या पोरांना नावं ठेवायची माझी हिंमतच गेली थोडी. नाहीतर ठेवण्यासारखं बरंच आहे.

कारण त्याच्या आदल्या वर्षी, १९७० मध्ये, इंडियानातल्या गॅरी गावच्या दुसऱ्या पाच भावांनी नुसता धुमाकूळ घातला होता, जॅक्सन फाइव्ह, एका वर्षात ४ गाणी एक नंबरला, पुढे छोटा मायकल. मग एमजीएम कंपनीच्या माइक कर्बने काय केलं, तर या गोऱ्यागोमट्या मॉर्मन पोरांना, जी तोवर टीव्हीवर अँडी विल्यम्सच्या शोमध्ये आजीआजोबांना आवडेल असं गात होती, त्यांना उचलून थेट अलाबामातल्या मसल शोल्सला फेम स्टुडिओत रिक हॉल या निर्मात्याकडे पाठवलं. तिथे विल्सन पिकेट आणि एटा जेम्ससारखे कसलेले कृष्णवर्णीय सोल गायक गाऊन गेलेले! गाणं जॉर्ज जॅक्सन नावाच्या कृष्णवर्णीय गीतकाराचं, म्हणतात की त्याच्या डोळ्यांसमोर जॅक्सन फाइव्हच होते. रेडिओवर लागलं तेव्हा कित्येकांना ते मायकल आणि कंपनीच वाटले. कॉपी आहे, सरळसरळ कॉपी आहे, पण मजा म्हणजे चांगली वठलीय. मेरिल कडवी गातो, आवाजात जरा खरखर असलेला, आणि मग मुखड्याला डॉनी वरच्या पट्टीत असा घुसतो की आपण आपोआप मान हलवायला लागतो. रेकॉर्डिंगच्या वेळी डॉनी १२ वर्षांचा होता. १२! आणि सांगतोय काय, तर मुली, तुझ्या चेहऱ्यावरून कळतंय तुला कोणीतरी दुखावलंय, पण एकाने फसवलं म्हणून प्रेमावरचा विश्वास सोडू नकोस, मला एक चान्स दे. अरे, तुझी शाळा कितवीत?

आपल्याकडे कसं, एक नासका आंबा सगळी आढी नासवतो, विषय संपला. इंग्रजीतही सफरचंदाची म्हण मुळात हेच सांगायची, अगदी चौदाव्या शतकातल्या चॉसर कवीच्या काळापासून. या गाण्याने ती चक्क उलटी फिरवली. आणि आता तिकडे एखाद्या खात्यात भानगड उघडकीला आली की साहेबलोक म्हणतात, दोनचार सडकी सफरचंदं आहेत हो, बाकी टोपली उत्तम, म्हणजे ज्या म्हणीने घाबरायचं तीच आता पांघरूण घालायला वापरतात. त्याला हे एकच गाणं जबाबदार असं मी म्हणणार नाही, पण पाच आठवडे रेडिओवर तेच ऐकल्यावर लोकांच्या तोंडी बसणारच ना.

बरं, शास्त्र म्हणीच्या बाजूचं आहे. पिकणारं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं, तो शेजारच्याला लागला की तोही पिकायला लागतो आणि स्वतः आणखी इथिलीन सोडतो. फळाला मार बसला किंवा ते सडायला लागलं की हे प्रमाण वाढतं, वर बुरशी एकाकडून दुसऱ्याकडे जाते ती वेगळीच. पण गंमत अशी की आपण आढी लावतो ती याच वायूच्या जिवावर, पेंढ्यात ऊब धरते, वायू कोंडला जातो, म्हणून तर आंबे पिकतात. म्हणजे पिकवतो तोही शेजार आणि नासवतो तोही शेजारच. जॅक्सन पिकले म्हणून ऑस्मंड्स पिकले, असं कोणी म्हटलं तर मी नाही म्हणणार नाही.

हे सगळं डोक्यात चालू असतानाच आईचा फोन.

"आढी बघितलीस का गं?"

"बघतेच आहे. एक नासका निघाला."

"काढलास ना? आणि त्याच्या शेजारचे?"

"शेजारचे चांगले आहेत गं."

"चांगले दिसतात. वेगळे ठेव आणि आजच्या आज रस करून टाक."

मी बरं म्हटलं. फोन ठेवला, हात धुतले, गाणं परत पहिल्यापासून लावलं (सवयच वाईट) आणि शेजारचे चार आंबे उचलून ताटात घेतले. तीन एकदम स्वच्छ, केशरी, घमघमाट नुसता. चौथ्याच्या देठाशी टाचणीच्या डोक्याएवढा काळा ठिपका होता. मी तो सुरीने कोरून काढला आणि आंबा परत पेंढ्यात ठेवून दिला.