मावशीच्या प्रबंधातली लाल रेघ

मंगळवार, रात्री पावणेबारा

आज मावशीने पहिल्यांदाच आख्खं प्रकरण एडिटरमध्ये टाकलं. साडेसातला वाईहून फोन. "अरे, पानं छान दिसतायत, पण तुझी लाल रेघ भलतीकडेच पडतेय बघ. चूक एकीकडे आणि रेघ तिसरीकडे." तिने पाठवलेला फोटो पाहिला आणि धस्स झालं. चाळिसाव्या ओळीत एक कंस बंद करायचा राहिला होता. रेघ पडली होती एकशेदहाव्या ओळीखाली, एका निर्दोष वाक्याखाली. ते वाक्य तिने तीनदा नव्याने लिहून पाहिलं म्हणे.

आठ महिने हे काम चाललंय. प्रबंध आणि शोधनिबंध छापील पानावर नीट मांडायचा, ब्राउझरमध्येच उघडणारा मुक्तस्रोत एडिटर. काहीही इन्स्टॉल करायचं नाही. डावीकडे लिहायचं, उजवीकडे पान उमटत जातं. अक्षरजुळणीचं इंजिन टिप्स्टचं. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या दोघांनी ते सुरू केलं आणि मार्च २०२३ मध्ये त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला केला. ते रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं आहे, त्यामुळे वेबअसेम्ब्लीत, म्हणजे ब्राउझरला चालवता येणाऱ्या रूपात, बांधलं की ब्राउझरच्या आतच चालतं. लिहायची चौकट कोडमिररची, दोघांनी एकाच वेळी लिहिण्याची सोय वायजेएसची, दोन्ही तयार मिळणारे कोड. या सगळ्यांची मोट बांधणं हे माझं काम. इतके दिवस सगळं बिनबोभाट चालत होतं, सगळ्या चाचण्या हिरव्या, म्हणजे पास होत्या. त्यातली एकही चाचणी मराठीत नव्हती.

कारण सापडायला दोन तास लागले. "मराठी" हा शब्द घ्या: म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. जावास्क्रिप्टच्या, म्हणजे ब्राउझरच्या भाषेच्या, लेखी याची लांबी ५. रस्ट मजकूर यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत ठेवतं, तिथे देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, म्हणजे तोच शब्द १५. इंजिन सांगतं, चूक अमुक बाइटवर आहे. माझा एडिटर तो आकडा चिन्हांचा समजून पुढे मोजत सुटतो. इंग्रजीत एका अक्षराला एकच बाइट, त्यामुळे तिथे दोन्ही हिशोब जुळतात आणि गफलत कधी उघडी पडत नाही. मराठीत मोकळ्या जागा, विरामचिन्हं, इंग्रजी आकडे आणि कंस सोडले तर सगळंच तिप्पट. चाळीसचे एकशेदहा झाले ते असे.

बाइटवरून चिन्हांचा आकडा काढणारं फंक्शन टिप्स्टच्या कोडमध्ये आधीपासून होतं. मी ते वापरलंच नव्हतं. दुरुस्ती सहा ओळींची झाली. रात्री अकराला मावशीला कळवलं, तर ती जागीच होती. "आता बरोबर कंसाखाली आली," म्हणाली.

बुधवार

मावशी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. मराठी माध्यमाची मुलं बीजगणिताचं शाब्दिक उदाहरण वाचताना नेमकी कुठे अडतात, हा तिचा पीएच.डी.चा विषय. प्रबंध मराठीतून, पानोपानी समीकरणं. पहिली दोन प्रकरणं तिने टायपिंगच्या एका दुकानात दिली होती. तिथे ती जुन्या, युनिकोडपूर्व (प्रत्येक लिपीतल्या चिन्हाला एक ठरलेला आकडा देणारी पद्धत येण्याआधीच्या) फॉन्टमध्ये बसवली आणि समीकरणं चित्रं म्हणून चिकटवली. मार्गदर्शकांनी एक चल बदलायला सांगितलं की नवं चित्र, नवे पैसे, नवी खेप. फाइल घरी उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. दोन प्रकरणं तिने पुन्हा स्वतः टाइप केली, रात्री, पेपर तपासून झाल्यावर.

"लाटेक वापर" असं मीच तिला पूर्वी सुचवलं होतं. लाटेक म्हणजे टेक या जुन्या अक्षरजुळणीच्या प्रणालीवर उभं असलेलं साधन. सल्ला चुकीचा नव्हता. जोनाथन क्यू यांनी २००४ साली टेकचंच झीटेक हे रूप आणलं, तेव्हापासून युनिकोड फॉन्टमधली देवनागरी त्या घराण्यात सरळ चालते, आणि टेकइतकी देखणी समीकरणं आजही थोड्याच ठिकाणी मिळतात. पण पूर्ण टेक लाइव्ह, म्हणजे या सगळ्याचा एकत्र संच, काही जीबींचा. तिच्या जुन्या लॅपटॉपवर ते उतरवतानाच एक रविवार गेला, आणि पहिली चूक आली तेव्हा पडद्यावरचा संदेश वाचून तिने लॅपटॉप मिटला. या एडिटरची पहिली ओळ मी त्याच आठवड्यात लिहिली.

टेकचे कर्ते, संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांचं मला फार वाटतं. १९७७ साली स्वतःच्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीची मुद्रितं हातात आली, ती इतकी वाईट होती की हातातलं लेखन बाजूला ठेवून ते अक्षरजुळणीच्या कामाला लागले. वर्षभराचं वाटलेलं काम दशकभर पुरलं. त्यांना पान कुरूप दिसलं आणि ते सहन झालं नाही, एवढ्यातून टेक उभं राहिलं.

आमच्या घरात हे आधीपासून होतं. आजोबा, म्हणजे मावशीचे वडील, वाईतल्या एका लहान छापखान्यात कंपोझिटर. खणांतून एकेक खिळा उचलून स्टिकमध्ये उलटा जुळवायचे. मावशी सांगते, जेवताना त्यांची बोटं शाईने काळी असायची. आणि त्यांच्याकडे "ऱ्या"मधल्या त्या आडव्या र चा खिळा वेगळा असे. तो संपला तर ते रफाराने भागवत नसत, काम थांबवून खिळा मागवत. कारण आचाऱ्यांना आमंत्रण आणि आचार्यांना आमंत्रण या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

शुक्रवार, पहाटे

मार्गदर्शक सर आणि मावशी काल एकाच फाइलवर होते. सरांचा रंगीत कर्सर "स्थिती" या शब्दावर येऊन थांबला आणि शब्द फुटला: स्थ, मग निळी काडी, मग ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेली पहिली वेलांटी. सरांना वाटलं मावशीने चुकीचं टाइप केलंय. त्यांनी "वेलांटी तपासा" अशी टीपही लिहिली.

दुसऱ्याचा कर्सर दाखवायला मी मजकुरात एक छोटा घटक घुसवतो. तो थ आणि वेलांटीच्या मध्ये पडला तर ब्राउझरच्या दृष्टीने ते दोन तुकडे होतात, आणि वेलांटीला धरायला अक्षर उरत नाही. म्हणजे कर्सर अक्षराच्या सीमेवरच उभा राहायला हवा. पण अक्षर कुठे संपतं? "स्थि"मध्ये युनिकोडची चार चिन्हं: स, हलन्त, थ, वेलांटी. दुसरीतलं मूलही ते एक जोडाक्षर म्हणून वाचतं. युनिकोडचा नियम मात्र अनेक वर्षं हलन्तानंतर तुकडा पाडत होता. सप्टेंबर २०२३ च्या १५.१ आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरं अखंड धरली गेली. मजकुराचे असे तुकडे पाडायची सोय फायरफॉक्समध्ये एप्रिल २०२४ मध्ये आली. त्या सोयीच्या आधाराने कर्सर आता "स्थि"च्या आधी किंवा नंतर थांबतो, मध्ये नाही.

मागे खोडायची कळ मात्र मी तशी केली नाही. मावशी म्हणाली, "वेलांटी चुकली तर वेलांटीच जायला हवी, सगळं अक्षर कशाला?" बरोबर आहे तिचं. सरकताना अक्षर अखंड, खोडताना एकेक चिन्ह.

रविवार

शोधाची खिडकी तपासली. "काळ" शोधलं तर कळ, केळी, कुळे, कोळी, सगळे हजर. फ्रेंच नावांवरची चिन्हं दुर्लक्षित व्हावीत म्हणून मजकुराचं विघटन करून, म्हणजे अक्षर आणि त्याची खूण वेगळी करून, "खुणा" या वर्गातलं सगळं गाळणारी एक ओळ मी घातली होती. युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार, हलन्त सगळे त्याच वर्गात. शिवाय विघटनात ऱ चे र आणि नुक्ता (खालचा ठिपका) असे दोन भाग होतात, मग नुक्ताही गळतो. म्हणजे मी मराठीचे स्वर पुसून शोध घेत होतो. ओळ काढली, आता गाळणी फक्त रोमन अक्षरांपुरती.

नव्या फाइलच्या नमुन्यात भाषा मराठी अशी आधीच लिहून ठेवली. फॉन्टमध्ये मराठी आणि हिंदी अशी दोन्ही वळणं असतात तिथे ल आणि श कोणते उमटायचे हे भाषेच्या नोंदीवरून ठरतं. मावशीने आयआयटी मुंबईने मुक्त केलेला शोभिका निवडलाय.

एका मित्राने विचारलं, एजीपीएल परवाना कशाला, कंपन्या बिचकतील. बिचकू देत. कोणी हा एडिटर बदलून स्वतःच्या सर्व्हरवर चालवला, तर बदललेला कोड वापरणाऱ्यांना द्यावा लागेल, एवढंच त्याचं मागणं आहे. उद्या कोणी देवनागरी याहून चांगली हाताळली, तर ती वाईपर्यंत परत पोचायला हवी. आणि मावशीची फाइल तिच्याच लॅपटॉपवर राहते. पान एकदा उघडलं की मग इंटरनेट गेलं तरी जुळणी चालू.

आज चाचण्यांचा क्रमही बदलला. कोणताही बदल आता सगळ्यात आधी मावशीच्या तिसऱ्या प्रकरणातल्या एका पानावर चालतो. त्या पानात ऱ्या आहे, ज्ञ आहे, ॲ आहे, तीन समीकरणं आणि एक तक्ता आहे. तिथे नापास झाला तर पुढे जात नाही.

संध्याकाळी तिचा फोन. पारिभाषिक शब्दांची सूची करून पाहिली होती. "ळ ल च्या मागोमाग आलाय. क्ष क मध्ये गेलाय आणि ज्ञ ज मध्ये. आपल्याकडे ते ह च्या नंतर येतात ना रे?" मी म्हटलं, हो मावशी, युनिकोडच्या आकड्यांप्रमाणे लावलेत, म्हणून तसं झालं. ती म्हणाली, "मग आपल्या वर्णमालेप्रमाणे लाव. घाई नाही, गुरुवारपर्यंत दे."

क्रम लावायच्या फंक्शनची फाइल उघडून बसलोय. पहिली चाचणी लिहून झाली: लसावि, क्षेत्रफळ, हर, ज्ञात राशी. यायला हवं लसावि, हर, क्षेत्रफळ, ज्ञात राशी. सध्या लाल आहे.