जिन्यातला धूर

शुक्रवार, रात्री साडेदहा

बुधवारच्या रात्रीचं आज लिहायला बसले. काल दिवसभर भिंती पुसण्यात गेला. काळं निघतच नाही. ओल्या फडक्यानं पुसलं की आणखी पसरतं. काजळी तेलकट असते, आधी कोरड्या कपड्यानं झटकायची, हे शेजारच्या काकूंनी संध्याकाळी सांगितलं.

रात्री दोनचा सुमार. मे महिन्यातलं नागपूर, दिवसा पंचेचाळीसच्या घरात गेलेला पारा, त्यामुळे कूलर रात्रभर चालूच. मला जाग आली ती वासानं. वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास नाकाला सवयीचा असतो. त्यात काहीतरी जळकट मिसळलं होतं, तळणीत मासे करपावेत तसं. कूलर खिडकीत बसवलेला, म्हणजे बाहेरची हवा तोच ओढून आत फेकणार. खालचा धूरही त्यानंच आमच्या खोलीत आणला. मी उठून बटण बंद करणार तोच लाइट गेली आणि खालून वॉचमनदादांचा आवाज आला, "मीटर जळून राहिलं! उठा हो, उठा!"

हे ड्यूटीवर चंद्रपूरला. घरात मी, सासूबाई आणि लेक. आईंचे गुडघे दुखतात, पण त्या क्षणी सगळ्यांत आधी त्याच चपला घालून दारात उभ्या. मी दार उघडलं तर जिना दिसतच नव्हता. मोबाईलच्या टॉर्चचा उजेड हातभर पुढे जाऊन काळ्यात विरघळत होता. घशाला एकदम तिखट झोंबलं, डोळे गच्च मिटले. त्या काळोखातून समोरच्या काकांचा आवाज आला. काका कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. "पोरी, खाली उतरू नको! धूर खालूनच वर येऊन राहिला. दार लाव, ओले टॉवेल कोंब खाली, अन् गॅलरीत जाऊन बस."

आम्ही तिसऱ्या मजल्यावर आहोत. सगळं अंग सांगत होतं की पळ, खाली उतर. मी दार लावलं.

टॉवेल भिजवायला नळापर्यंत गेलेच नाही, कूलरच्या टाकीतच बुडवले. दाराखालच्या फटीतून राखाडी पट्टा आत सरकत होता, फरशीला चिकटून, अगदी हळू. त्याच्यावर टॉवेल दाबताना बोटांना फट लागत होती तेवढीच खूण. दिसत काही नव्हतं. लेकीला म्हटलं, रांगत चल, वर मान करू नको. ती काही न विचारता रांगली. गरम धूर वर छताशी साठतो, श्वास घेण्याजोगी हवा राहते ती जमिनीलगत. गॅलरीचं दार मागे ओढून घेतलं आणि तिघी ग्रीलला चिकटून बसलो. दोन्ही बेडरूमच्या खिडक्या कूलरनं अडवलेल्या, हे तेव्हा डोक्यात लख्ख आलं. आमच्या शहरात अर्ध्या घरांच्या खिडक्या अशाच. शिवाय चोरांच्या भीतीनं पक्कं वेल्डिंग केलेलं ग्रील. आत कुणी येऊ नये म्हणून केलेली ही सोय आहे, बाहेर निघण्याचा विचार त्यात कुठेच नाही.

खाली पार्किंगमध्ये कुणीतरी बादली घेऊन धावलं. काका त्यांच्या गॅलरीतून जिवाच्या आकांतानं ओरडले, "पाणी नका टाकू! करंट आहे त्यात! आधी डीपीवरून लाइन तोडू द्या!" ती बादली तिथंच थांबली, आणि एक माणूस वाचला असं मी मानते. १०१ ला फोनही काकांनीच केला होता, वीजवाल्यांनाही त्यांनीच.

अग्निशमनची गाडी वळणावर दिसली तेव्हा आई मोठ्यानं रडल्या. एवढा वेळ त्या नुसत्या जप करत होत्या.

आग तशी मोठी नव्हतीच. मीटरबोर्ड आणि शेजारच्या दोन गाड्या, बस्स. सैल झालेला जोड तापतो, वरून घरोघरी एसी वाढलेले, वायरिंग मात्र बिल्डिंग बांधली तेव्हाचं. पण वायरवरचं प्लास्टिक जळायला लागलं की जो काळा धूर निघतो त्यात विषारी वायू असतात, आणि जिना म्हणजे त्या धुराला मिळालेली उभी चिमणी. ज्वाळा पार्किंगमध्येच राहिल्या, धूर मात्र पाचव्या मजल्यापर्यंत पोचला.

चौथ्या मजल्यावरचे भाऊ जिन्यानं उतरायला निघाले आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कोसळले. तोंडाला मास्क लावलेल्या जवानांनी त्यांना उचलून खाली नेलं. आता ते बरे आहेत, आज त्यांच्याशी फोनवर बोलले. आवाज अजून घोगरा आहे. पाचव्यावरचं कुटुंब लहान मुलाला घेऊन गच्चीकडे गेलं, तर गच्चीला कुलूप. किल्ली पहिल्या मजल्यावर. ते त्या धुरातून परत आपल्या घरात शिरले, दार लावलं, म्हणून निभावलं. याचा मला अजून संताप आहे, आणि तो मी गिळणार नाही.

जवानांपैकी एक अगदी कोवळा होता. आम्हाला खाली आणल्यावर त्यानंच लेकीला पाणी दिलं. मला म्हणाला, "जिन्यात धूर असला की उतरायचं नाही ताई. दार लावून रस्त्याकडच्या बाजूला या, आवाज द्या. आम्ही येतोच." देशभरातले अग्निशमन अधिकारी जिथं शिकतात ते राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आपल्याच नागपुरात आहे, आणि एवढी साधी गोष्ट आमच्या बिल्डिंगमध्ये फक्त एका म्हाताऱ्या माणसाला माहीत होती. १४ एप्रिलपासून दरवर्षी अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १९४४ साली त्याच तारखेला मुंबई गोदीत जहाजाचा स्फोट झाला, विझवायला गेलेले कितीतरी जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ. आम्ही त्या दिवशी दीक्षाभूमीला जातो, बाबासाहेबांना वंदन करतो. आता त्या जवानांसाठीही हात जोडेन.

राज्यात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. ज्या इमारतींत आगीची यंत्रणा बसवलेली असते, तिथं ती चालू असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून घेऊन दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. आमच्याकडे लाल सिलिंडर आहेत, पण त्यातला एक जुन्या पलंगाच्या मागे सापडला. तो पलंग, दोन सायकली, पोतंभर रद्दी, सगळं जिन्याखाली. काल ते सगळं मी आणि काकूंनी ओढून अंगणात काढलं. कुणी काही बोललं नाही.

लेक रात्री झोपताना विचारते, दाराखाली टॉवेल ठेवायचा का. मी ठेवते.

रविवारी दहाला सोसायटीची मीटिंग आहे. पोट्टे वर जाऊन धिंगाणा करतात म्हणून कुलूप हवंच, असं काहीजण आत्ताच म्हणायला लागलेत. माझं म्हणणं एवढंच की कुलूप काढा आणि जिन्याच्या बाजूनं उघडेल अशी कडी लावा. फॅब्रिकेशनवाल्याला मी सांगून ठेवलंय, सोमवारी येतो म्हणाला. वायरिंगच्या खर्चाचं मात्र सगळ्यांना मिळूनच बघावं लागेल, आणि तो विषय काका मांडणार आहेत.