आमची वाटचाल : जॉब गार होऊ द्या
एका जुन्या लेथवर मी आणि एक मदतनीस अशा दोघांनी सुरू केलेल्या आमच्या जॉबवर्कच्या (इतर कंपन्यांसाठी सुटे भाग बनवून देण्याच्या) युनिटमध्ये आज तीन सीएनसी (संगणक-नियंत्रित) मशीन, एक ग्राइंडर आणि चौदा माणसे आहेत. मशीन कशी वाढली ते सांगण्यात फारसे नवे नाही. कर्ज, ऑर्डर आणि पुन्हा कर्ज हा क्रम बहुतेक लहान उद्योजकांच्या परिचयाचा आहे. मला लिहायचे आहे ते मालक म्हणून मी कसा बदलत गेलो याविषयी, कारण आमच्या कामातील सर्वांत मोठी अडचण बराच काळ माझी वागणूक हीच होती.

ते मला एका लॉटमुळे कळले. ५० मिलिमीटर व्यासाच्या शाफ्टचे ग्राइंडिंग, म्हणजे घासून अचूक मापाला आणणे, चालू होते (मशीनवरच्या अशा तुकड्याला आम्ही जॉब म्हणतो) आणि माल न्यायला आलेली गाडी दारात उभी होती. ग्राइंडरवरचे आमचे सर्वांत जुने ऑपरेटर म्हणाले, "साहेब, जॉब गार होऊ द्या, मग माप घेऊ." मी म्हणालो, "माप बसतंय ना? मग पुढचा लावा." मापनासाठी प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस धरतात, आणि या व्यासाचा पोलादी जॉब त्याहून २० अंशांनी गरम असला, तर तो सुमारे ११ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जास्त भरतो. मी हे शिकलो होतो, त्यांच्या ते हातात होते. शाफ्ट गार होताच मापाखाली उतरले आणि अख्खा लॉट रिजेक्ट होऊन परत आला.

टोयोटाच्या कारखान्यांतून जगभर गेलेली, पाच वेळा 'का' विचारण्याची पद्धत आम्ही त्या संध्याकाळी वापरून पाहिली. माप का चुकले? गरम जॉब मोजला म्हणून. गरम का मोजला? घाई होती म्हणून. मग थांबण्याचा आग्रह का धरला नाही? या तिसऱ्या प्रश्नावर सगळे गप्प झाले, आणि अखेर ते ऑपरेटरच शांतपणे म्हणाले, "तुम्ही चिडता, साहेब." त्या रात्री मला झोप लागली नाही.

व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी सुचवलेली एक सवय मी त्यानंतर लावून घेतली : महत्त्वाचा निर्णय घेताना त्यातून काय अपेक्षित आहे ते लिहून ठेवायचे आणि ९ ते १२ महिन्यांनी प्रत्यक्ष परिणामाशी ताडून पाहायचे. वर्षाने वही उघडली, तेव्हा मशीन आणि टूलिंगबद्दलचे माझे अंदाज बरेचसे खरे ठरलेले दिसले, पण माणसांबद्दलचे जे निर्णय मी कोणाला न विचारता एका दिवसात उरकले होते, त्यांपैकी बहुतेक फसलेले होते. उत्तम सेटरला (मशीनवर काम लावून देणाऱ्या कारागिराला) न विचारताच सुपरवायझर केले होते. त्यामुळे एक चांगला सेटर हातचा गेला आणि तोही वर्षभर अवघडून राहिला. त्याला पुन्हा मशीनवर आणताना मी सर्वांसमोर चूक कबूल केली, आणि मला वाटते, लोक माझ्याशी मोकळेपणाने बोलू लागले ते तेव्हापासून.

नव्या मुलाला प्रत्येक पायरी दाखवावी लागते, तर अनुभवी माणसाला ड्रॉइंग देऊन बाजूला व्हावे लागते. प्रत्येकाशी वेगळे वागणे म्हणजे दुटप्पीपणा तर नव्हे, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. आता मी सांगण्याची रीत माणसागणिक बदलतो. सांगायची गोष्ट मात्र बदलत नाही. येणे थकल्यामुळे एकदा पगार लांबणार होते, तेव्हा अंदाजे तारीख आणि अडचण मी सर्वांना एकाच वेळी, एकाच शब्दांत सांगितली.

दर शनिवारी मशीन बंद करून आम्ही अर्धा तास बसतो आणि त्या आठवड्यातील चूक सांगण्याची सुरुवात मी करतो. अजूनही घाईच्या दिवशी माझा आवाज चढतो. गेल्या महिन्यात एका शिकाऊ मुलाने ड्रॉइंगची रिव्हिजन (आवृत्ती) जुनी असल्याचे लक्षात आणून दिले, तेव्हा मी आधी त्याला गप्प केले, मग मशीन थांबवून पाहिले. त्याचेच बरोबर होते. त्याची माफी मागितली आणि वहीत तारखेसह नोंद केली.