कोतवालचा उजवा पाय: अठ्ठावन्न दिवसांची नोंद

कोतवाल हा माझा कोंबडा. वय चार वर्षं, वजन 4.3 किलो, आणि स्वभाव नावाला शोभेल असाच. त्याच्या तळव्याला बम्बलफूट झालं, म्हणजे बारीक जखमेतून जंतू शिरून तळवा सुजतो आणि आत पू धरतो तो आजार. ज्यांच्याकडे जड अंगाचे कोंबडे आहेत त्यांच्यासाठी वहीतल्या नोंदी इथे उतरवतोय, माझ्या चुकांसकट.

दिवस 1. सकाळी लंगडत होता. दांडीवरून उडी मारताना मुरगळलं असेल, असं म्हणून सोडून दिलं. इथेच दोन दिवस वाया गेले.

दिवस 3. पाय उचलून धरून उभा. टॉवेलात गुंडाळून, डोळ्यांवर कापड टाकून मांडीवर घेतला. डोळे झाकले की हा दांडगट एकदम गरीब होतो. एक सांगतो, छातीवर हात दाबून धरू नका. कोंबड्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड हलवूनच तो श्वास घेतो. तळवा पाहिला तर मधोमध काळी, कडक खपली, कुरूप असावं तशी. भोवती सूज, आणि ती वरून बोटांच्या बेचक्यातही दिसत होती. हाताला गरम लागत होता, पण कोंबड्याचं अंग मुळातच 41 अंशांच्या वर असतं, त्यामुळे एकट्या पायाला हात लावून काही कळत नाही. दुसऱ्या पायाशी ताडून पाहिलं तेव्हा फरक कळला.

त्या रात्री एप्सम सॉल्टच्या कोमट पाण्यात पंधरा मिनिटं पाय बुडवला आणि खपली नखाने उचकटायचा मोह झाला. नाही उचकटली, हे या वहीतलं एकमेव शहाणपण.

दिवस 4. पक्षी बघणाऱ्या डॉक्टरांकडे. एक्स-रे काढला. हाड आणि सांधा संसर्गातून वाचलेत, हे कळल्यावर जिवात जीव आला. संसर्ग हाडापर्यंत गेला असता तर पाय वाचवणं अवघड होतं. भूल देऊन तळवा उघडला. पू वाहणारा असेल अशी माझी समजूत होती. निघाला तो उकडलेल्या बलकासारखा, घट्ट पिवळा गोळा, वाटाण्याएवढा. पक्ष्यांचा पू असाच घट्ट होतो, म्हणून नुसतं शेकून किंवा मलम लावून तो बाहेर येत नाही. नमुना तपासायला दिला, त्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस निघाला. हा जंतू माणसालाही लागू शकतो, त्यामुळे ड्रेसिंगला हातमोजे हवेतच. प्रतिजैविक त्या तपासणीवरून ठरलं, वेदनाशामक डॉक्टरांनी वजनावरून दिलं. उरलेल्या गोळ्या घरच्या घरी चालवण्याचा हा प्रकार नव्हे.

दिवस 5. माझी घोडचूक. जखमेवर गॉझ, त्याखाली मधोमध भोक असलेली फोमची चकती (म्हणजे भार जखमेवर न पडता कडेला पडतो), आणि वरून स्वतःलाच चिकटणारी पट्टी. पट्टी निघू नये म्हणून मी ती ताणून गुंडाळली. संध्याकाळी बोटं फुगलेली आणि गार. धावत कात्री आणली. तेव्हापासून नियम एकच: पट्टी रिळातून आधी सैल सोडून घ्यायची, मग गुंडाळायची, आणि तासाभराने बोटांना हात लावून पाहायचं.

दिवस 9. या दिवसाबद्दल जरा सविस्तर लिहितो. कोतवालला मी कोंबड्यांपासून जाळीने वेगळा ठेवला होता. दिसतील पण टोचणार नाहीत, इतपत. आठवडाभर तो आरवत होता, खात होता, पण दाणा टाकला की गुपचूप स्वतःच गिळायचा. धडधाकट कोंबडा असं करत नाही. तो दाणा चोचीत उचलतो, खाली टाकतो, पुन्हा उचलतो आणि गळ्यातून ‘कुक्-कुक्-कुक्’ करत कोंबड्यांना बोलावतो. नवव्या दिवशी त्याने एक किडा उचलला, जाळीशी नेऊन ठेवला आणि हाक मारली. पलीकडच्या कोंबडीला जाळीतून तो मिळेना, हा आपला टाकतोय आणि बोलावतोय. लंगडणं तसंच होतं, सूजही थोडीशीच उतरलेली, पण ठणका कमी झालाय हे मला तिथे कळलं. तेव्हापासून वहीत ‘हाक: हो/नाही’ असा एक रकानाच आहे.

दिवस 16. जखम खालून भरत आलीय. पट्टी एक दिवसाआड. आणि डाव्या तळव्यावर लालसर चट्टा! पंधरा दिवस सगळा भार तोच पाय पेलतोय, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. डाव्यालाही मऊ पट्टी सुरू केली. दुखऱ्या पायाइतकीच चांगल्या पायाची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवायला हवी होती.

दिवस 17 ते 30. या काळात पायापेक्षा खुराड्यावरच जास्त मेहनत झाली. जुनी दांडी चार फुटांवर, गोल आणि एका जागी सालपट निघालेली. खाली कडक जमीन. रोज पहाटे चार किलोंचं धूड तिथून खाली आदळायचं, तळव्याला बारीक चीर पडायला आणखी काय लागतं? आता दांडी फूटभर उंचीवर, रुंद, कडा घासून गुळगुळीत केलेली. खाली भुशाचा जाड थर, ओला झाला की त्याच दिवशी बदलायचा. खाणंही बदललं. इतकी वर्षं तो अंड्यांवरच्या कोंबड्यांचंच खाद्य खात होता. त्यात कवचासाठी भरपूर कॅल्शियम असतं, ते कोंबड्याला नको. उलट मूत्रपिंडाला जड. शिवाय वजन उतरवायचं होतं.

दिवस 44. उजवी पट्टी कायमची सोडली. नवी कातडी गुलाबी, पातळ. वजन 4.0.

दिवस 58. चाल जवळजवळ सरळ. उजव्या तळव्यात मुगाच्या दाण्याएवढी गाठ हाताला लागते, दुखत नाही. डॉक्टर म्हणाले व्रण असावा, दर आठवड्याला मोजा. डावा चट्टा फिकट झालाय. जाळी काढली, आणि काढल्या काढल्या साहेब खाद्याच्या पिंपावर उडी मारून आरवले. पिंप साडेतीन फुटांचं आहे. ते आज संध्याकाळी बाहेर हलवतोय.