कडी नसलेली खोली

गर्द, म्हणजे हेरॉईन, सोडून मला 14 महिने झाले. रोज सकाळी ओएसटी केंद्रावर, म्हणजे गर्दऐवजी औषध देतात त्या केंद्रावर जायचं, नर्सबाईंसमोर बुप्रेनॉर्फिन या औषधाची गोळी जिभेखाली धरायची, ती विरघळली की "आ करा", आणि मग रजिस्टरवर सही. नाव नोंदणी, रक्ततपासणी, डोस बसवणं यात मला कसलाच त्रास झाला नाही. चार महिने अडकलो ते एका प्रश्नापाशी.

डोस लागू पडला, टर्की (गर्द न मिळाल्यावर होणारा त्रास) थांबली, भूक लागायला लागली. घरात बरं वाटायला लागलं. पण बायकोजवळ गेलो की अर्ध्या मिनिटात सगळं आटपायचं. गर्दवर असताना नेमकं उलटं होतं, आधी वेळच वेळ आणि पुढे तर इच्छाच मेलेली. आपण कायमचे बाद झालो असं मी धरून बसलो होतो. त्याहून मोठी भीती वेगळीच होती. मी सुई वाटून घेतलेली. माझ्यामुळे तिला काही लागलं असेल तर?

हे विचारायचं कुठे? काउन्सेलिंगच्या खोलीला दार होतं, पण कडी तुटलेली. डोसचं रजिस्टरही त्याच खोलीत, काउन्सेलर सरांच्या टेबलावर. म्हणजे नऊ ते बारा जो तो सहीसाठी आत येणार. पहिल्याच आठवड्यात सरांनी फॉर्म भरताना विचारलं, "जोडीदार किती? निरोध वापरता? संबंधांत काही अडचण?" माझ्या खांद्यामागे आमच्याच गल्लीतला पोरगा पेन धरून उभा होता. मी म्हणालो, "सगळं नॉर्मल." सरांनी टिक केली. ती टिक चार महिने माझ्या केसपेपरवर तशीच राहिली आणि कुणी पुन्हा विचारलं नाही.

पुढे दोनदा मीच विषय काढायला गेलो. एकदा तोंड उघडलं आणि दोघं आत आले. एकदा वॉर्डबॉय चहा घेऊन आला आणि तिथेच टेकला. महिन्यातून एकदा गटसत्र व्हायचं. फ्लिपचार्ट, लाकडी मॉडेल, निरोध कसा चढवायचा, कसा काढायचा. माहिती अगदी बरोबर असायची, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण वीस पुरुषांसमोर "कुणाला काही शंका?" म्हटल्यावर कोण हात वर करणार? एक जण हसला की सगळे हसायचे. मला अजूनही राग येतो तो याचा. बाहेर हेच वीस जण एकेकटे गाठून मला हाच प्रश्न विचारतात!

त्या चार महिन्यांत मी भिंतीवरची जाहिरात वाचून एका गुप्तरोगवाल्याला 2200 रुपये दिले. काडीचा फरक पडला नाही. मग जुना साथीदार म्हणाला, "थोडीशी मार, टायमिंग येईल." त्या संध्याकाळी मी खिशात पैसे घेऊन स्टेशनपर्यंत गेलो होतो. पुलावरून परत फिरलो आणि रात्रभर जागा राहिलो.

सकाळी सरांना म्हणालो, "सर, मला दार लावून बोलायचंय." ते काही न बोलता उठले, किल्ल्या घेतल्या आणि मला स्टोअररूममध्ये नेलं. निरोधच्या खोक्यांवर आम्ही समोरासमोर बसलो. वीस मिनिटं. तेवढ्यात चार महिन्यांचं ओझं उतरलं.

सर म्हणाले, गर्द वर्षानुवर्षं घेतलं की पुरुषांमधलं हार्मोन खाली जातं, म्हणून इच्छा मरते. सुटल्यावर शरीर ताळ्यावर येताना वीर्यपतन लवकर होतं. बऱ्याच जणांना होतं आणि हळूहळू सुधारतं. नाही सुधारलं तर डॉक्टरांना सांगायचं, औषधं आहेत. स्वतःच्या मनाने डोस कमी करायचा नाही. माझ्या बाबतीत तीनेक महिन्यांत फरक पडला.

मग आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही तपासणी केंद्रात, एचआयव्ही, सिफिलिसची तपासणी झाली, फुकट. काही निघालं नाही. तीन महिन्यांनी एचआयव्ही पुन्हा करून घेतली, कारण लागण ताजी असेल तर पहिल्यांदा दिसत नाही. हेपॅटायटिस सी मात्र निघाला. 12 आठवडे गोळ्या घेतल्या, सरकारी कार्यक्रमातून, त्याही फुकट. तो मुख्यतः रक्तातून पसरतो, म्हणून माझं रेझर आणि ब्रश तेव्हापासून वेगळे. हेपॅटायटिस बी नव्हता, त्याची लस घेतली. तिचे तीन डोस असतात.

बायकोला घेऊन गेलो तेव्हाही स्टोअररूमच. सरांनी विचारलं, "ताई, तुम्हाला काय विचारायचंय?" ती लगेच म्हणाली, "माझीपण तपासणी होईल ना?" दोन वर्षं तिच्या मनात होतं. तिचे रिपोर्ट चांगले आले. काउंटरवर ती बराच वेळ नुसती कागद धरून उभी होती.

एचआयव्हीची तपासणी तुमच्या संमतीशिवाय करता येत नाही आणि रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो. 2017 चा कायदाच आहे तसा. केंद्रात जायचा धीर होत नसेल तर 1097 या एड्स हेल्पलाइनवर फोन करा, नाव सांगावं लागत नाही. लघवीत जळजळ, पू, जखम असं काही असेल तर सरकारी रुग्णालयातलं सुरक्षा क्लिनिक (लैंगिक आजारांचा दवाखाना) शोधा, भिंतीवरच्या जाहिराती नकोत. सुई वाटली गेली किंवा निरोध फाटला तर थांबू नका, एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, जितक्या लवकर तितकं बरं. निरोधबरोबर खोबरेल किंवा व्हॅसलीन लावू नका, रबर कमजोर होतं. हे मला फ्लिपचार्टवरूनच कळलं.

आमच्याकडे येणाऱ्या बायका दोन-तीनच, त्यांना तर स्टोअररूमही मिळत नाही. सर सांगत होते, गर्दमुळे पाळी थांबलेली असते, म्हणून दिवस राहणार नाहीत असं वाटतं. उपचार सुरू झाला की पाळी दिसायच्या आधीही गर्भ राहू शकतो. हे त्यांना पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगायला हवं.

जायचं तर बारानंतर जा, सह्या आटपलेल्या असतात. मी सरांना तेवढी एकच विनंती केली होती की रजिस्टर बाहेर ठेवा. मागच्या महिन्यात ते व्हरांड्यात आलं. कडी अजून बसलेली नाही.