आमची वाटचाल : मागितलेला कागद हातात येईपर्यंत

वडिलांनी १९८४ साली सांगलीत मारुती चौकाजवळ करसल्लागार म्हणून कार्यालय थाटलं. तेव्हा विक्रीकर होता. २००५ ला व्हॅट आला, १ जुलै २०१७ ला जीएसटी. कायदे बदलले, पण आमची रीत तीच राहिली. प्रत्येक पार्टीचा एक बस्ता, त्यावर वडिलांच्या अक्षरात नाव, आणि कुठला बस्ता कुठल्या फळीवर आहे हे अण्णांच्या डोक्यात. अण्णा म्हणजे आमचे सगळ्यांत जुने कारकून. पार्ट्या बहुतेक मार्केट यार्डातल्या : हळदीचे अडते, बेदाण्याचे व्यापारी, दोन-तीन कोल्ड स्टोरेजवाले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. आमच्या खालच्या दोन खोल्या आठवडाभर पाण्यात होत्या. नंतर आम्ही दोऱ्या बांधून कागद वाळत घातले. बॉलपेननं लिहिलेलं बरंचसं वाचलं. इंकजेटचे प्रिंट फुटले, आणि वडिलांनी शाईपेननं केलेल्या नोंदी निळ्या डागांत विरघळून गेल्या. ते बस्ते टाकून देताना अण्णा बोलले नाहीत, मीही नाही.

पुढच्या वर्षी मी स्कॅनर घेतला. वाटलं, सुटलो. दिसेल तो कागद स्कॅन केला आणि यंत्रानं दिलेल्या नंबरांनिशी तसाच साठवला. जुलै २०२१ ला पुन्हा पूर आला. कॉम्प्युटर वर हलवला होता, एकही फाइल गेली नाही. पण एका अडत्याला नोटिशीचं उत्तर द्यायचं होतं, आणि त्याची २०१८ ची असेसमेंट ऑर्डर शोधायला आम्हाला दीड दिवस लागला. कागद होता, सापडत नव्हता.

मग मी सॉफ्टवेअरवाल्यांना बोलावलं. एका कंपनीचं काम दिसायला सुरेख होतं, पण दर माणसामागं वार्षिक भाडं, आणि उद्या भाडं थांबवलं तर आमचे कागद आमच्या फोल्डरमध्ये परत कसे येणार, याचं उत्तर नीट मिळेना. तिथं मी थांबले. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. म्हणजे २०२३-२४ चं दप्तर ३१ डिसेंबर २०३० पर्यंत, आणि अपील चालू असेल तर त्याहून पुढं. एवढा काळ ती कंपनी राहील की नाही, यावर मी पार्टीचे कागद लावणार नव्हते.

शेवटी भाच्यानं पेपरलेस-एनजीएक्स बसवून दिलं. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, आमच्याच कार्यालयातल्या एका साध्या कॉम्प्युटरवर चालतं. स्कॅनर ठरलेल्या फोल्डरमध्ये फाइल टाकतो, ते ती उचलतं, मजकूर वाचतं आणि शोधता येईल अशी पीडीएफ करतं. मूळ फाइलही जशीच्या तशी राहते. अक्षर ओळखणारा टेसरॅक्ट मराठीही वाचतो, तेवढी भाषा वेगळी जोडावी लागते. छापील भाडेकरार, सातबारा चांगला वाचतो. हातानं लिहिलेली हिशेबपट्टी नाही वाचत, तिथं नाव आणि तारीख आम्हीच घालतो. जुन्या मराठी फॉन्टमधल्या पत्रांनी मात्र दमवलं. त्यांच्या पीडीएफमध्ये आत भलतीच अक्षरं दडलेली असतात, शोधलं तर काही लागत नाही. आतला मजकूर बाजूला ठेवून पान चित्रासारखं नव्यानं वाचायला लावलं, तेव्हा ती पत्रं सापडू लागली.

सॉफ्टवेअर बसवण्याआधी आम्ही चार दिवस नुसतं नावं कशी द्यायची यावर बसलो. माझ्या मते खरं काम तेच. अण्णांनी सुचवलं, पॅन धरा. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा, पहिले दोन आकडे राज्याचे, आपले २७, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅनच. शेठजींचा स्वतःचा पॅन वेगळा, भागीदारीचा वेगळा. पॅनचं चौथं अक्षर पी (व्यक्ती) की एफ (भागीदारी) ते पाहिलं की कागद कुणाचा ते कळतं. म्हणून आधी पॅन, मग वर्ष-महिना-दिवस, मग कागदाचा प्रकार. प्रकार फक्त नऊ ठेवले. मी तीस लिहून आणले होते, अण्णांनी एकवीस खोडले, आणि त्यांचं बरोबर होतं.

दर शनिवारी दोन हार्ड डिस्कवर नक्कल निघते. एक इथं वरच्या मजल्यावर, दुसरी मिरजेला बहिणीच्या घरी. महिन्यातून एकदा त्यातली कुठलीही एक फाइल उघडून बघतो. नोंदणीकृत खरेदीखतं आणि शिक्क्याचे मूळ कागद अजून कपाटातच आहेत, सगळ्यांत वरच्या फळीवर.

गेल्या महिन्यात एका बेदाणा व्यापाऱ्यानं फोनवरून २०२२ चं चलन मागितलं. तो बोलत असतानाच अण्णांनी ते काढून पाठवलं.

पुरातून वाचलेल्या वडिलांच्या अकरा वह्याही स्कॅन केल्या आहेत. त्यांचं अक्षर यंत्राला लागत नाही. रोज संध्याकाळी दोन पानं मी वाचून टाइप करते. सध्या १९९१ चालू आहे.