काळी दोनची पट्टी

आमच्या संगीताच्या सरांकडे दोन पट्ट्या होत्या. एक काळी दोनची, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या सुरावर सा धरलेली; तिच्यात रोजची प्रार्थना व्हायची. दुसरी सागवानी, फूटभर लांब, पेटीवर आडवी ठेवलेली. पहिली सुटली की दुसरी बसायची.

प्रार्थनेला सर व्हरांड्यात पेटीवर बसत आणि आम्ही सगळे मैदानात. सा देऊन ते थांबायचे. मग उजवा हात पेटीवरून उचलायचे, हनुवटी जराशी वर जायची आणि नाकाने असा श्वास घ्यायचे की शेवटच्या रांगेतल्या पोरालाही तो ऐकू यावा. त्यांच्याबरोबर सगळी शाळा श्वास घ्यायची. हात खाली आला की सूर लागलेला. एवढी पोरं एका झटक्यात कशी सुरू होतात, याचं तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. मलाही नाही.

आज मी व्हायोलिन वाजवतो आणि तरुण मुलांचा एक छोटा वाद्यवृंद चालवतो. नाशकात हे सांगितलं की लोक विचारतात, “म्हणजे गणपतीत असतो तो ऑर्केस्ट्रा?” त्यातही मी चार वर्षं वाजवलंय. मिमिक्रीवाल्याच्या शेजारी बसून वाजवायचो, पण पाकीट त्याच रात्री हातात पडायचं.

व्हायोलिन सुरू झालं पंचवटीत. विष्णु दिगंबर पलुसकरांनी उत्तरायुष्यात जिथे आश्रम केला, त्याच पंचवटीत, एका वाड्याच्या माडीवर. मांडी घालून बसायचं, वाद्याचं डोकं उजव्या घोट्यावर टेकवायचं, दुसरं टोक छातीशी. डावा हात मोकळा, मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, कशी लांबवर ओढता येते. शाळा सुटली की व्हायोलिनची काळी पेटी घेऊन होळकर पुलावरून निघायचो. पावसाळ्यात गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कंबरेला पाणी लागलं की घरून पूल बंद, म्हणजे क्लास बंद. खरं सांगायचं तर गोदामाईने माझा बराच रियाज बुडवलाय.

आठवीत स्नेहसंमेलनाला सरांना ताप आला. वृंदगान माझ्यावर सोपवलं आणि ती सागवानी पट्टी हातात दिली. पडदा वर गेला. मी पट्टी उचलली आणि आणली खाली. पुढची रांग सुरू झाली, मागची माझ्याकडे बघत राहिली, मुलींनी भलताच सा धरला. घाबरून मी टेबलावर पट्टी आपटून ठेका धरला आणि तिचं टोक उडालं. पुढे कधीतरी वाचलं की १६८७ साली पॅरिसमध्ये लुली नावाचा मोठा संगीतकार जमिनीवर काठी आपटून ताल देताना ती स्वतःच्याच पायावर मारून बसला, जखम चिघळली आणि त्यातच तो गेला. मी स्वस्तात सुटलो.

दुसऱ्या दिवशी तुटकी पट्टी सरांपुढे ठेवली. ते एवढंच म्हणाले, “श्वास घेतलास का?”

कॉलेजात असताना दर शनिवारी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई. धोबीतलावला एका गोवेकर सरांनी मला पहिल्याच दिवशी जमिनीवरून उठवलं. वाद्य हनुवटीखाली, तारा जी-डी-ए-ई, समोर नोटेशनचा कागद. सहा वर्षं तयार झालेला हात पुन्हा पाटी-पेन्सिलीवर आला. त्यांच्याकडेच कळलं की अँथनी गोन्साल्विस हा फक्त गाण्यातला माणूस नाही. ते गोव्याचे व्हायोलिनवादक, प्यारेलालजींचे गुरू आणि १९५८ मध्ये भारतीय रागांवर सिम्फनी बसवणारे. गॅदरिंगला त्या गाण्यावर नाचलेल्या आमच्या बॅचने याची नोंद घ्यावी.

दुसरं नाव मेहली मेहता. प्रसिद्ध वाद्यवृंद संचालक झुबिन मेहतांचे वडील अशीच त्यांची ओळख करून देतात, मला ते खटकतं. १९३५ मध्ये त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, त्यात आधी व्हायोलिन वाजवलं, मग तो चालवला. नंतर मँचेस्टरला हॅले ऑर्केस्ट्रात पुन्हा वादकांच्या रांगेत बसले. संचालकाच्या जागेवरून उठून परत खुर्चीत बसायला काय लागतं, ते वाजवणाऱ्यालाच कळेल. १९६४ मध्ये, छप्पन्नाव्या वर्षी, लॉस एंजेलिसला तरुणांचा वाद्यवृंद काढला आणि नव्वदीपर्यंत चालवला. मी छप्पन्नाला गुडघ्याचा पट्टा लावून तालमीला उभा राहतो.

बरीच वर्षं पहिल्या व्हायोलिनच्या रांगेत काढल्यामुळे माझा कान तिकडेच ओढला जातो. व्हायोलिनच्या प्रत्येक सुरावर गज वर की खाली, हे मी रात्री बसून पेन्सिलीने लिहून देतो. बासरीवाल्यांना मात्र दम घ्यायला जागा लागते हे विसरतो. एकदा बासरीवाली मुलगी उठून म्हणाली, “सर, तुमच्या गजाला फुप्फुसं नाहीत, मला आहेत.” तिचं बरोबर होतं.

आणि बेथोव्हेनची पाचवी सिम्फनी. ते चार ठोके सगळ्यांना माहीत असतात. कागदावर मात्र पहिली जागा रिकामी आहे, अर्ध्या मात्रेची शांतता. संचालकाचा हात त्या शांततेवर पडतो आणि वादक त्यानंतर सुरू करतात. आमच्या पहिल्या तालमीत माझा हात खाली आला, तिघांनीच वाजवलं, बाकीचे डोळे वटारून बघत राहिले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. स्नेहसंमेलनाचा पडदाच आठवला. मग हात खाली सोडले, हनुवटी वर केली आणि नाकाने मोठ्याने श्वास घेतला. सगळे एकदम आले. मुलांना वाटलं हे मी परदेशात कुठे शिकून आलोय.

आपल्या शाळेच्या अमृत महोत्सवाच्या सकाळी माजी विद्यार्थ्यांची प्रार्थना मी घ्यावी असं समितीने कळवलं आहे. घेतो. काळी दोन आता आपल्यातल्या निम्म्या जणांना चढेल, म्हणून पांढरी एक धरू. सर असते तर चालू दिलं नसतं. संगीताच्या खोलीतली ती पेटी अजून असेल तर आधी भाता बघून ठेवा. आणि कपाटात टोक तुटलेली एक सागवानी पट्टी सापडली, तर ती माझी आहे.